काही कळालं का?

परभणीच्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात २००३ ते २००९ अशी सहा वर्षे मी काउंटरवर बसत होतो. वाढदिवस, श्रद्धांजली, दुकानाचे स्थलांतर, नावातील बदल, प्लॉट विकणे आहे, अशा जाहिराती घेऊन येणाऱ्यांत महिन्याकाठी दोन-तीन जण वेगळे दिसत, आणि ते कशासाठी आले आहेत हे त्यांनी तोंड उघडण्याआधीच कळत असे, कारण त्यांच्या हातात मजकुराचा कागद नसे, फोटो असे. तो फोटोही बहुधा कोणाच्या तरी लग्नातला, दहा-बारा जणांच्या घोळक्यातला, आणि हरवलेला माणूस त्यात अगदी कडेला उभा. ‘एवढाच कापून घ्या’ असे म्हणून ते त्याच्यावर बोट ठेवत आणि मग मी विचारीन तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे देत. रंग? सावळा. बांधा? सडपातळ. उंची विचारली की ते स्वतःच्या कानाशी किंवा खांद्याशी आडवा हात नेऊन दाखवत आणि फूट-इंच मला अंदाजाने लिहावे लागत.

छोट्या जाहिरातीचा दर शब्दांवर होता. ठरलेल्या शब्दांच्या पुढे प्रत्येक शब्दाला ज्यादा पैसे पडत, म्हणून समोरच्याचे चार पैसे वाचावेत या हेतूने मी मजकूर छाटत असे. ‘अजून घरी परत आलेला नाही’ यातला ‘अजून’ तर मी नेहमीच काढून टाकायचो. त्याच्यावाचून अर्थ तोच राहतो, अशी माझी समजूत होती. ‘बाळा, जिथे असशील तिथून परत ये, तुला कोणी रागावणार नाही, आईने अन्न सोडले आहे’ या ओळीला मात्र मी कधी कात्री लावली नाही. तेवढी अक्कल मला होती.

या सहा वर्षांत एक गोष्ट मी पाहत होतो, पण तिचा अर्थ कळायला तीच वेळ घरात यावी लागली. जाहिरात द्यायला आलेल्यांपैकी जवळजवळ कोणीही प्रत्यक्षात काय घडले ते सांगत नसे. मी काउंटरच्या आत चहा पीत मनाशी म्हणत असे की, माणसे इतकी आखडून का बोलतात, काहीतरी लपवत असणार.

२०११ च्या दिवाळीनंतर, कार्तिकी एकादशीला दोन-तीन दिवस असताना, माझा चुलत भाऊ, म्हणजे काकूंचा मुलगा, पहाटे घरातून निघून गेला. आमचे गाव पाथरी तालुक्यात आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ती माणसे आजही तिथल्याच पारावर बसतात. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि डी.एड. होऊन त्याला चार वर्षे झाली होती. मोबाइल त्याने घरीच चार्जिंगला लावून ठेवलेला होता. कार्तिकीसाठी पंढरपूरला गेला असेल, या समजुतीत पहिले तीन दिवस गेले. मी औरंगाबादहून थेट पंढरपूर गाठले, चंद्रभागेचे वाळवंट आणि आमच्या बाजूच्या दिंड्या उतरतात ते मठ पालथे घातले, आणि लाखो माणसांत एक माणूस शोधणे म्हणजे काय असते ते अनुभवले. चौथ्या दिवशी काका ठाण्यात गेले आणि ‘मिसिंग’ दाखल झाली. माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबल्याशिवाय नोंद होत नाही, असे आमच्याकडे गावोगाव सांगितले जाते. कायद्यात तसे काहीही नाही, पहिल्या तासालाही जाता येते. आमचे तीन दिवस मात्र पोलिसांमुळे गेले नाहीत, ते आमच्याच अंदाजाने खाल्ले.

ठाण्यात काकांनी काहीही हातचे राखले नाही. आदल्या रात्री बाप-लेकांत वाद झाला होता. एका शिक्षणसंस्थेत नोकरी लागण्यासाठी पैसे मागितले गेले होते, त्यासाठी एक एकर विकावे असे मुलाचे म्हणणे होते आणि काकांनी नकार दिला होता. नकार देताना ते त्याला जे बोलले तेही त्यांनी हवालदारांना शब्दशः सांगितले. मी शेजारीच बसलो होतो. ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही. जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी पेनाचे टोपण लावले आणि म्हणाले, “हे आम्हाला सांगितलं ते बरं केलं. गावात मात्र कोणाला काही सांगत बसू नका. एकाचं दहा होतं, अन् मग खरं सांगणारा कोण अन् ऐकीव सांगणारा कोण, हे आम्हालाच उमगत नाही.”

त्या बोलण्यातला व्यवहार मला आठवड्याभरात पटला. जाहिरात मीच लिहिली आणि माझ्याच जुन्या काउंटरवर दिली. ती छापून आली त्या दिवसापासून फोन सुरू झाले. एक जण म्हणाला की मुलगा सुरतेत आहे, पाच हजार पाठवा, गाडीत बसवून देतो. एका देवऋषीने दिशा सांगितली आणि दक्षिणाही सांगितली. कोणी नुसतेच हसून फोन ठेवला. एकाने तर त्याच्या अंगातल्या शर्टाचा रंग अचूक सांगितला. ते ऐकून काकू बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या. तो रंग जाहिरातीत मीच छापला होता. जे छापले आहे ते कोणीही परत ऐकवू शकतो, आणि जे छापलेले नाही त्यावरूनच खरा माणूस ओळखता येतो, एवढा साधा हिशेब त्या हवालदारांच्या सल्ल्यामागे होता. त्या दिवसानंतर आमच्या घराने बाहेर बोलणे बंद केले. त्याच्या मोठ्या बहिणीची सोयरीक तेव्हा ठरत आली होती, हेही एक कारण होते, आणि ते नव्हते असे म्हणण्यात अर्थ नाही.

गावाचा प्रश्न एकच होता. “काही कळालं का?” पहिल्या आठवड्यात या प्रश्नात माया होती, लोक भाकरीचे टोपले घेऊन येत आणि विचारत. तिसऱ्या आठवड्यात टोपले गेले, प्रश्न राहिला. पुढे पुढे तो असा विचारला जाऊ लागला की, ‘नाही’ हे उत्तर दिले तर समोरचा अर्धा क्षण थांबून पाही, जणू आपण चुकून खरे बोलून टाकू याची वाट पाहत असावा. काकूंनी मग उत्तर देणे सोडले. कोणी विचारले की त्या उजवा तळवा तेवढा उलटा करून दाखवत आणि हातातले काम पुढे चालू ठेवत. त्यावर पाणवठ्यावरचा निकाल असा होता: “पोटचं लेकरू गेलं, अन् डोळ्याला टिपूस नाही. कामून बोलंना झालीय?”

जी गोष्ट पोलिसांना पहिल्याच भेटीत सांगितली होती ती गावाला सांगितली नव्हती, आणि आपल्याला सांगितली नाही म्हणजे ती कोणालाच सांगितलेली नाही, असे गावाने धरले. आमचे म्हणणे सत्तर-ऐंशी ओळींच्या जबाबात सहीनिशी पडून होते. पण तो जबाब पारावर कोणी वाचलेला नव्हता, त्यामुळे पारापुरते आम्ही गप्पच होतो. कायद्याला हा फरक नीट ठाऊक आहे. तपास करणाऱ्या पोलिसाने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६१ ते सांगत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८० सांगते. त्यातही ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा ओढवेल ते देण्याची सक्ती नाही. शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे कलम मात्र कुठेही नाही.

डिसेंबरात ठाण्यात एक निनावी अर्ज गेला. त्याला शेतातल्या विहिरीत पाहा, असे त्यात लिहिले होते. अर्ज आला म्हणजे पोलिसांना पाहावेच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. विहीर आमचीच, सात परस खोल, आणि पावसाळा नुकताच सरल्यामुळे वरपर्यंत भरलेली. शेतीला वीज रात्रीची होती, म्हणून दोन मोटारी लावून दोन रात्री उपसा चालला. पहिल्या रात्री माणसे थोडी होती; दुसऱ्या रात्री तळ लागणार म्हणून निम्मे गाव शेकोट्या पेटवून धावेवर आणि बांधावर बसले होते. बॅटऱ्यांचे झोत खाली फिरत होते. पाणी जसजसे उतरे तसतशा दगडी बांधकामातल्या कपारी उघड्या पडत आणि प्रत्येक कपारीपाशी सगळ्यांचे बोलणे एकदम थांबे. काका विहिरीकडे पाठ करून उभे होते. ते आत का पाहत नाहीत, हा प्रश्न त्या रात्री माझ्याही मनात आला होता. मी त्यांचा पुतण्या. जबाब मी कानांनी ऐकलेला. आणि तरीही आला होता. हे मी काकांना ते असेपर्यंत सांगू शकलो नाही.

पहाटे तळ लागला. गाळात एक गंजलेला फूटव्हॉल्व्ह सापडला, आणि एक तांब्याची कळशी, जी वीसेक वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या हातून सुटली होती. गाव उठून गेले. काकू दोन्ही रात्री तिकडे फिरकल्या नव्हत्या आणि ‘आई असून आली नाही’ ही गोष्ट त्या रिकाम्या विहिरीपेक्षा मोठी ठरली. मी घरी कळशी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती काही न बोलता घेतली आणि अंगणात बसून चिंचेने घासायला सुरुवात केली. तासभर घासत होत्या.

त्याच्या मित्राचेही तेच झाले. शेजारच्या गल्लीतला, बालवाडीपासूनचा दोस्त, स्टँडजवळ त्याचे मोबाइल रिचार्जचे छोटे दुकान. जायच्या दोन दिवस आधी पाचशे रुपये मागून नेले होते, हे त्याने पोलिसांना स्वतःहून जाऊन सांगितले. पारावर मात्र तो एकदाच बोलला. “जरा नाराज होता,” एवढेच. दुपारी बोललेले ते वाक्य दिवेलागणीला काकूंच्या कानावर आले तेव्हा त्याचे ‘मरायचं म्हणत होता’ असे झालेले होते. तो रात्री धावत घरी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आपण असे म्हणालो नाही एवढे सांगून परत गेला, आणि त्यानंतर या विषयावर त्याने कोणाशीही तोंड उघडले नाही. दोस्ताने तोंड शिवून घेतले म्हणजे आतले काहीतरी ठाऊक असणार, असा त्याचाही अर्थ लागला. त्याला ठाऊक काय होते ते मला चार वर्षांनी, तेही अपघाताने कळले. भावाचा तो नोकियाचा फोन काकू रोज चार्ज करतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. पण त्यातला नंबर बंद पडू नये म्हणून दर महिन्याला त्यात दहा-वीस रुपये कोण टाकत होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

गप्प बसण्याने संशय येतो हे खरे, पण बोलण्याने तो टळतो असेही नाही. ऑस्ट्रेलियात १७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरूच्या पायथ्याशी तंबूतून नऊ आठवड्यांचे बाळ नाहीसे झाले. बाळाला डिंगो, म्हणजे तिकडचा रानकुत्रा, घेऊन गेला असे आईने पहिल्या मिनिटापासून सांगितले, कॅमेऱ्यापुढे सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. ती सांगते आहे पण रडत नाही, एवढ्यावर लोकांनी तिच्याविषयी मत बनवले. १९८२ मध्ये तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचे जाकीट सापडले तेव्हा ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यू डिंगोमुळेच झाला अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ उजाडले. आमच्या पाणवठ्यावरचे ‘डोळ्याला टिपूस नाही’ हे वाक्य त्या देशात न्यायालयापर्यंत पोहोचले होते, एवढाच फरक.

आपल्याकडचे २००८ मधले नोएडाचे आरुषी हत्या प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. त्यातल्या आई-वडिलांविषयी, ते टीव्हीवर कसे बसले, कसे बोलले, याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवलेल्या त्या दोघांना २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मला मात्र राहून राहून त्या घरच्या नोकराचा एक दिवस आठवतो. मुलीचा मृतदेह सापडला त्या दिवशी तो घरात नव्हता, म्हणून तोच मारेकरी, तोच फरार, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर मिळाला. नेपाळमधल्या त्याच्या घरच्यांना त्या एका दिवसात काही बोलायचे असते तर ते कोणापुढे बोलले असते? बेपत्ता माणसाच्या घरच्यांनी बोलावे अशी अपेक्षा करतानाही आपण कोणाच्या दारात माइक नेतो आणि कोणाच्या नाही, हे आधीच ठरलेले असते.

आमच्याकडे सांत्वनाला येणारे बुजुर्ग समर्थांचे उदाहरण देत. जालना जिल्ह्यातले जांब आम्हाला काही फार लांब नाही. बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळाला, बारा वर्षे टाकळीला तप केले, बारा वर्षे देश पालथा घातला, आणि चोवीस वर्षांनी ‘जय जय रघुवीर समर्थ’ म्हणत आईच्या दारात भिक्षेला उभा राहिला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. राणूबाईंची दृष्टी तोवर रडून गेली होती आणि मुलाच्या हाताने ती परत आली. “तसाच येईन तो,” असे म्हणून बुजुर्ग उठत. आमच्या भागात ‘येईल’ला ‘येईन’ म्हणतात, त्यामुळे मला दर वेळी क्षणभर तोच बोलतो आहे असे वाटे. काकू ही कथा आदराने ऐकून घेत. एकदा मात्र सगळे गेल्यावर त्यांनी विचारले, “चोवीस वर्षं लोकांनी तिला विचारलंच असंल की, काही कळालं का म्हणून. ती काय म्हणत असंल?” मी जेवढी कथा ऐकली आहे तेवढीत याचे उत्तर नाही. मांडवात उभ्या राहिलेल्या त्या मुलीविषयीही नाही.

मात्र गप्प राहण्याची बाजू मी सरसकट घेतो आहे, असे कोणी समजू नये. काउंटरवरच्या सहा वर्षांत मुलांच्या जाहिराती जेवढ्या आल्या त्यांच्या मानाने मुलींच्या फारच थोड्या आल्या, आणि आल्या त्यांतल्याही काही पान लागायच्या आत बाप किंवा चुलता परत येऊन काढून घेऊन गेला. “राहू द्या, मामाकडं गेलीय म्हणून कळालं,” असे म्हणताना ते माझ्याकडे पाहत नसत. त्यांतल्या किती ठिकाणी ठाण्यात नोंदसुद्धा नव्हती हे मी विचारले नाही, कारण ते माझे काम नव्हते, आणि आज त्याचीच टोचणी आहे. अठरा वर्षांखालचे मूल बेपत्ता झाले तर ते पळवून नेले आहे असे गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला. तो आदेश घरच्यांनी ठाण्याची पायरी चढल्यावरच कामाला येतो. पारापुढे तोंड बंद ठेवणे आणि शोधू शकणाऱ्यापुढे तोंड बंद ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल गाव घरच्यांना फाडून खाते, आणि मुलगी असली की दुसरीबद्दल तेच गाव ‘इज्जत राखली’ म्हणून मान डोलावते. मूल सापडल्यावर त्याची ओळख छापू नये, हे बाल न्याय कायद्याने सांगितले आहे, तेवढे गप्प राहणे मात्र आमच्याकडे कोणालाच जमत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. दिवाळी झाली की आमच्या आणि बीडच्या भागातून कोयते निघतात. कारखान्याच्या तळावरून एखादा गडी नाहीसा झाला तर मुकादमाकडे उत्तर तयार असते: उचल बुडवून पळाला. हे उत्तर इतके सोयीचे आहे की पुढे कोणी शोधतच नाही. बायकोने बोलावे तर उचल तिच्याकडून वसूल व्हायची, ठाणे परक्या जिल्ह्यातले, आणि गावाकडे विचारणारे म्हातारे सासू-सासरे तेवढे उरलेले. तिथे पारसुद्धा रिकामा असतो. आमच्या काकूंना निदान संशय घ्यायला गाव होते, असे मी एकदा म्हणालो होतो आणि त्यांना ते आवडले नव्हते.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या वियोगाची खात्रीच होत नाही, म्हणजे माणूस घरात नाही आणि गेला असेही म्हणता येत नाही, अशा अवस्थेला त्यांनी वेगळे नाव दिले. मला ती अवस्था आधी क्रियापदांत दिसली. त्याला भात आवडतो की आवडायचा? त्याला मिशी आहे की होती? वाक्य सुरू केले की शेवटी क्रियापद यायचे आणि तिथे अडखळायला व्हायचे, म्हणून आम्ही त्याच्याविषयीची वाक्येच टाळू लागलो. सूतक नाही, तेरावा नाही, भिंतीवर फोटो लावावा तर हार घालता येत नाही आणि नुसता लावला तर पाहुणे हात जोडतात. बारा वर्षे बातमी नसलेल्या माणसाचा पुतळा करून दहन करण्याचा विधी शास्त्रात सांगितलेला आहे. २०२३ मध्ये बारा वर्षे झाली तेव्हा गुरुजींनी तो सुचवला. काकूंनी त्यांना चहा दिला आणि तळवा उलटा केला.

शास्त्राचे बारा, कायद्याचे सात. २०१६ मध्ये काका वारले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून काकूंचे, बहिणीचे आणि त्याचे नाव लागले. त्यानंतर पीककर्ज असो की वाटणी, प्रत्येक कागद त्याच्या सहीशी येऊन थांबू लागला. म्हणून २०१९ मध्ये, मनाविरुद्ध, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा टाकावा लागला. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११, असे सांगते की, माणूस हयात असता तर ज्यांना त्याच्याविषयी साहजिकच कळले असते अशांना सात वर्षे काही कळलेले नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. मृत्यू नेमका कधी झाला हे मात्र या कलमातून निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका विम्याच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वकिलांनी हे समजावून सांगितले तेव्हा मला आधी पारच आठवला. गावाचा आणि कायद्याचा प्रश्न एकच निघाला. फक्त तो कोणाला विचारायचा हे कायद्याने लिहून ठेवले होते, आणि त्या यादीत पहिले नाव काकूंचे होते.

न्यायालयाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेली. आठ वर्षांत आमच्या घराने जाहीरपणे उच्चारलेले ते पहिले वाक्य, आणि तेही आमचे नव्हतेच. मध्ये कोरोनाची दोन वर्षे तारखाच पडत गेल्या. २०२२ च्या सुरुवातीला काकूंच्या सरतपासणीचे शपथपत्र तयार झाले आणि वकिलांच्या कचेरीत मी ते त्यांना वाचून दाखवायला बसलो. वय, गाव, गट नंबर, दाव्यातली मिळकत, हे सगळे त्यांनी मान हलवत ऐकले. सहाव्या परिच्छेदात लिहिले होते की, सदर मुलाविषयी मला आजपावेतो काहीही कळलेले नाही.

“अजून काही कळलेलं नाही, असं करा,” काकू म्हणाल्या.

वकील अदबीने म्हणाले, “काकू, ‘आजपावेतो’ लिहिलंय ना, त्यात ते आलंच.”

“ते कोर्टाचं झालं. माझं ‘अजून’ टाका त्याच्यात.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यांनी कागद पुढे ओढला, ‘आजपावेतो’च्या शेजारी वर एक काकपद काढून बारीक अक्षरात ‘अजून’ लिहिले, आणि हाताने केलेली दुरुस्ती म्हणून समासात काकूंची सही घेतली.